चावी हातात, इंजिन चालूच

"मिस्त्री, चावी माझ्या हातात होती. तरी इंजिन बंद का होत नव्हतं?" साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजवर जुन्या टर्बो डिझेल व्हॅनचे चालक हा प्रश्न नेहमी विचारतात. विचारताना बहुतेकांचा आवाज अजून कापत असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो, कारण अर्धवट उत्तरावर लोक हजारो रुपये घालून टर्बो, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा, बदलतात आणि गाडी पुन्हा 'पळते', म्हणजे इंजिन ताब्याबाहेर जाऊन त्याचे फेरे आपोआप वाढत जातात.

चावी फिरवली की डिझेलचा रस्ता बंद होतो. चावीची सत्ता तेवढीच. या इंजिनात ठिणगी नसते. सिलेंडरमध्ये हवा वीसेक पट दाबली जाते, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्या हवेत जळण्यासारखं जे येईल ते पेटतं. डिझेल पेटतं तसंच इंजिन ऑइलही पेटतं. जुन्या इंजिनात हवा अडवायला झडपही नसते. त्यामुळे हवेच्या पाइपातून ऑइल आत येऊ लागलं की इंजिन स्वतःचंच ऑइल खाऊन पळतं. रेस वाढली की टर्बो आणखी जोरात फिरतो, आणखी ऑइल ओढतो, रेस आणखी चढते. वेळीच थांबवलं नाही तर ऑइल संपून इंजिन जाम होतं, नाहीतर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

कासला पर्यटक नेणारी एक १३ सीटर व्हॅन माझ्याकडे असायची. एका पावसाळ्यात ती आठवडाभर पोवई नाका, स्टँड, राजवाडा अशी गावातच हळूहळू फिरली. रविवारी भरलेली गाडी यवतेश्वर घाट चढत होती. वळणावर चालकानं पाय काढला, पण रेस उतरेना. क्लच दाबल्यावर तर इंजिन किंचाळायलाच लागलं. मागे निळसर पांढरा धूर एवढा, की रस्ता दिसेना. गाडी कडेला थांबवून त्यानं चावी काढली, तरी तेच. शेवटी त्यानं पाचवा गिअर टाकला, ब्रेक गच्च दाबून धरला आणि क्लच झटक्यात सोडला. इंजिन मेलं. सगळे सुखरूप उतरले.

अशी गाडी ओढून आणली की "परत चालू करून बघू" असं कुणी म्हटलं तरी मी करू देत नाही. आधी चालकाला विचारतो, धूर कसा होता? काळा धूर आणि चावी बंद करताच इंजिन मेलं, तर डिझेल जास्त जात होतं. मग एक्सिलरेटरची केबल अडकली का, डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे डिझेल किती द्यायचं ते ठरवणारा भाग, जाम आहे का, हे बघायचं. धूर निळा-पांढरा, जळक्या ऑइलचा वास आणि चावीला दाद नाही, तर ऑइल आत येतंय.

मग ऑइलची पट्टी. पातळी खाली गेलेली असेल तर ऑइल जळालं हे कळतंच. मला जास्त भीती वाटते ती पातळी वर चढलेली दिसली की. ऑइल पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर पंपाच्या सीलमधून किंवा डिझेल फवारणाऱ्या गळक्या नोझलमधून डिझेल खाली उतरतंय. इंजिनखालचं ऑइलचं चेंबर असं भरलं की तेच ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या, नळीनं हवेच्या पाइपात जातं. कुणी हौसेनं जास्त ऑइल ओतलं तरी हेच होतं.

त्या व्हॅनचा टर्बो खोलला तर शाफ्ट गेलेला होता. आडवा किंचित हलतो, ते चालतं, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. पण हा शाफ्ट आतबाहेर हलत होता आणि पाती घासलेली होती. मी नवा टर्बो बसवला आणि गाडी दिली.

तीन आठवड्यांत ती त्याच घाटात पुन्हा पळाली. चूक माझी होती, आणि ती मी मालकाला तेव्हाच सांगितली. टर्बो का गेला, हे मी शोधलंच नव्हतं.

टर्बोला ऑइल दाबानं येतं, पण परत जाताना स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. त्या परतीच्या नळीचं रबर आतून फुगलं होतं. बाहेरून नळी ठणठणीत. टर्बोचं सील म्हणजे पिस्टनच्या रिंगसारखी बारीक रिंग असते, तुंबलेलं ऑइल ती रोखू शकत नाही. नवा टर्बोही ऑइल सोडत होता. वर टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारा इंटरकूलर मी धुतलाच नव्हता. रात्रभर उपडा ठेवला तर कपभर ऑइल निघालं. गावात हळू चालताना ते तळाशी साचून राहतं आणि घाटात पूर्ण दाबाची हवा आली की एकदम उचललं जातं. गाडी घाटातच का पळते, याचं उत्तर मला त्या कपात मिळालं.

आता मी परतीची नळी, ब्रीदर आणि इंटरकूलर तपासल्याशिवाय टर्बोला हात लावत नाही. इंजिन आयडलला असताना ऑइलचं झाकण सैल करूनही बघतो. तिथून भकाभका वाफ आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आणि मग नुसत्या टर्बोनं भागणार नाही, हे मालकाला आधीच सांगतो.

रस्त्यात गाडी पळाली तर ती चालत असताना चावी उपसू नका, स्टिअरिंग लॉक होईल. आधी ब्रेक लावून थांबवा, लोकांना उतरवून लांब न्या. मग टॉप गिअर, पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही, आणि क्लच झटक्यात सोडा. क्लच घसरत असेल तर हवेचा रस्ता तोडावा लागतो. फिल्टरकडचा पाइप काढून तोंडावर जाड फळी घट्ट दाबायची. हात किंवा फडकं कधीच लावू नका, ओढ फार जबर असते. रेस फार चढली असेल तर बॉनेटपाशी जाऊच नका. इंजिन नवं बसवता येतं.