ड्रॉवरमधली चावी : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ टाकून आम्ही दोघा भावांनी १९९६ साली काम सुरू केले आणि पुढे जागा अपुरी पडू लागल्यावर शिरोली औद्योगिक वसाहतीत आलो. आसपासच्या फाउंड्र्यांमधून येणाऱ्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशिनिंग, म्हणजे ते कापून नेमक्या मापाला आणणे, जॉबवर्कने (मजुरीवर) करून देणे हा आमचा व्यवसाय असून आज आमच्याकडे सात सीएनसी (संगणक-नियंत्रित) टर्निंग सेंटर आणि २६ माणसे आहेत. कोणते मशीन केव्हा आणि किती कर्ज काढून घेतले, याचा हिशेब बँकेकडे आहेच. माणसे कशी मिळाली, कशी तयार झाली आणि त्यांतील काही आमच्याच चुकीने कशी गेली, हा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

पहिली बरीच वर्षे आम्ही आयटीआयची गुणपत्रिका पाहून माणूस घेत होतो. आता उमेदवाराच्या हातात बोअर (भोक) आतून मोजायचे बोअर डायल गेज आणि एक रिंग देतो आणि तीन ठिकाणी माप घेऊन कागदावर लिहायला सांगतो. रिंगमध्ये मुद्दाम थोडी ओव्हॅलिटी ठेवलेली आहे, म्हणजे ती पूर्ण गोल नाही. जो तिन्ही वेळा एकच आकडा लिहितो, तो बहुधा आम्हाला कोणते उत्तर आवडेल याचा अंदाज घेत असतो. जो तीन वेगळे आकडे लिहून पुन्हा एकदा गेज घालून पाहतो, त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी कामावर बोलावतो.

तरीही आमचा आजचा सर्वांत चांगला ऑपरेटर या परीक्षेतून आलेला नाही. पन्हाळा तालुक्यातला हा मुलगा हेल्पर म्हणून लागला होता आणि जॉबची (मशीनवर झालेल्या भागाची) बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धार, काढून बोअरचे माप तपासायचे प्लग गेज घालून पाहणे एवढेच त्याचे काम होते. एके दिवशी त्याने तीन-चार जॉब वेगळ्या क्रेटमध्ये काढून ठेवलेले दिसले, म्हणून मी कारण विचारले. तो म्हणाला, "साहेब, जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले जॉब रोजच गेजला घट्ट लागतात." सुट्टीत मशीन अर्धा तास थांबते, स्पिंडल गार होतो आणि माप काही मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकते, ५० मिलिमीटरच्या बोअरला एच-७ या अचूकतेच्या वर्गात एकूण सवलतच २५ मायक्रॉनची असल्यामुळे ही गोष्ट किरकोळ नव्हती. मशीनचे सेटिंग करणाऱ्या सेटरला ती अनुभवाने ठाऊक होती. या मुलाला ती कोणीही सांगितलेली नव्हती. पुढच्याच महिन्यात आम्ही त्याला मशीनवर घेतले.

माणूस ओळखणे हे त्यातल्या त्यात सोपे काम आहे, हे आम्हाला दुसऱ्या एका ऑपरेटरने राजीनामा दिला तेव्हा कळले. जवळच्याच एका कारखान्यात दोन हजार रुपये जास्त मिळणार होते, म्हणून मी वाढ देऊ केली. त्यावर तो म्हणाला, "पगाराचं नाही, साहेब. इन्सर्ट झिजला, बोअर कमी यायला लागला, हे मला कळतं. तरी सेटर मोकळा होईपर्यंत मशीन बंद ठेवून मी नुसता उभा असतो." हे खरे होते. (इन्सर्ट म्हणजे मशीनमधले कापणारे पाते.) कंट्रोल पॅनलवरची एडिटची चावी तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये असे आणि ती फक्त सेटरला मिळे. सहा वर्षे काम केलेल्या माणसाला दहा मायक्रॉनचा ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) बदलण्याची मुभा आम्ही दिलेली नव्हती, आणि याला आम्ही शिस्त समजत होतो.

तो गेला. त्यानंतर वीस मायक्रॉनपर्यंतचा वेअर (झिजेचा) ऑफसेट ऑपरेटरने स्वतः बदलावा आणि वहीत नोंद करावी, त्यापुढे सेटरला बोलवावे, असा नियम आम्ही केला. पहिल्याच महिन्यात एकाने ०.०२ मिलिमीटरऐवजी ०.२ टाकले आणि पहिला जॉब न मोजता पुढे चालू ठेवले, त्यात नऊ कास्टिंग भंगारात गेली. ग्राहकाची नुकसानीची डेबिट नोट आली, ती आम्ही भरली आणि पगारातून एक रुपयाही कापला नाही. माझ्या भावाला हे पसंत नव्हते. तो अजूनही अधूनमधून त्या नऊ कास्टिंगची आठवण काढतो.

खरी अडचण सेटरची होती. त्यांना सारा कारखाना मेस्त्री म्हणतो, आणि मुलांना शिकवताना ते शेवटची एक गोष्ट नेमकी हातची राखून ठेवत. एकदा चहा घेताना त्यांनी ते उघड बोलून दाखवले : "सगळं शिकवून टाकलं तर उद्या मला कोण विचारणार?" त्यांची भीती मला रास्त वाटली, कारण तोपर्यंत आम्ही त्यांची वाढ ठरवताना मशीन किती वेळ बंद राहिले एवढेच पाहत होतो, आणि शिकवण्यात तर मशीन बंदच राहते. आता त्यांच्या देखरेखीखाली जो ऑपरेटर स्वतंत्रपणे सेटिंग करू लागतो, त्याच्यामागे मेस्त्रींच्या मूळ पगारात ठरलेली वाढ होते. ही रक्कम आम्हाला सुरुवातीला जड गेली, हे कबूल केले पाहिजे.

पगारवाढ आम्ही एप्रिलमध्येच करतो. पूर्वी कोणी बाहेरचा देकार आणला की तेवढा पगार वाढवत असू. त्यामुळे न मागणारा मागे राहत असे आणि देकार आणायची सवय इतरांना आम्हीच लावत होतो. भाताच्या रोपलावणीला पश्चिमेकडच्या गावांतील मुले सुट्टी घेणारच, म्हणून तेव्हाच्या पाळ्या आता मेमध्येच ठरवून ठेवतो. तीसपेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घेणे कायद्याने बंधनकारक नाही, तरी दरवर्षी दोघांना घेतो; सगळेच टिकत नाहीत. गेलेल्यांपैकी एकाने स्वतःचा गाळा टाकला असून आमचे जास्तीचे काम आम्ही त्यालाच देतो.

आठव्या मशीनची ऑर्डर गेल्या महिन्यात दिली आहे. त्याचे सेटिंग पन्हाळ्याचा मुलगा करणार असून, त्याने मागितलेली एकच गोष्ट म्हणजे मशीन रोपलावणीच्या आठवड्यात उतरवून घेऊ नये.