सकाळी १४ अंडी, दुपारी शून्य

सकाळी अंकुशकृमीची, म्हणजे हूकवर्म या आतड्यातल्या जंताची, १४ अंडी दिसलेली विष्ठेची काचपट्टी दुपारी तीनला कोरी निघाली. पट्टी तीच, सूक्ष्मदर्शकही तोच.

गाव गडचिरोलीतलं. हत्तीरोगाच्या मोहिमेत इथं डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधासोबत अल्बेंडाझोल या जंतनाशकाची ४०० मिलिग्रॅमची गोळी वाटतात, शाळेतल्या पोरांना जंतनाशक दिनाला वेगळी मिळते. इतक्या गोळ्यांनंतर कुणाच्या पोटात काय उरलंय, ते आम्ही मोजत होतो. आशाताईंनी आदल्या संध्याकाळी नमुन्यासाठी डब्या वाटल्या होत्या.

विष्ठेतली अंडी मोजायची काटो-काट्झची रीत सोपी, पण हाताला सवय लागते. जाळीतून गाळलेली विष्ठा साच्याच्या भोकात काठोकाठ भरायची, म्हणजे ४१.७ मिलिग्रॅम होते. साचा उचलून वर ग्लिसरॉल आणि मॅलाकाइट ग्रीन या रंगाच्या द्रावणात दिवसभर भिजवलेला सेलोफेनचा तुकडा ठेवायचा, पट्टी पालथी करून फरशीवर दाबायची आणि आडवी सरकवत सोडवायची. सरळ वर ओढलीत तर सेलोफेन निघून येतो. मोजलेल्या अंड्यांना २४ नं गुणलं की एका ग्रॅममागचा आकडा मिळतो. इथं ३३६, म्हणजे सौम्यच. अंकुशकृमीत २,००० पासून पुढं मध्यम धरतात.

ग्लिसरॉल गाळ पारदर्शक करतं, म्हणून तर अंडी दिसतात. पण ते तिथं थांबत नाही. अंकुशकृमीच्या अंड्याचं कवच पातळ, तेही विरून दिसेनासं होतं. म्हणून पट्टी अर्ध्या ते एक तासाच्या आत वाचायची. त्या दिवशी फेरतपासणीच्या पट्ट्या जेवणानंतर वाचल्या गेल्या. दुसऱ्या वाचकाची चूक नव्हती, त्याच्यासमोर खरंच काही नव्हतं. दोन्ही तक्त्यांत गोल जंतांचे आकडे जुळत होते, त्यांचं कवच जाड; फक्त अंकुशकृमी गायब, त्यावरून उलगडलं. पहिलं वाचनही उशिरा झालं असतं तर अंकुशकृमीपुरतं गाव कागदावर स्वच्छ ठरलं असतं, आणि श्रेय गोळ्यांना गेलं असतं.

शीतपेटीतल्या उरलेल्या नमुन्याची नवी पट्टी केली, चाळीस मिनिटांनी दोघांनी लागोपाठ वाचली: ११ आणि १२. नव्या पट्टीत १४ च यावीत असं नाही. विष्ठेत अंडी सारखी पसरलेली नसतात.

नमुना चाळिशीतल्या बाईचा होता. यादीत तिच्या नावापुढं ‘गोळ्या दिल्या’ अशी खूण. मोहफुलं वेचायला ती पहाटेच, अनवाणी निघालेली, म्हणून गोळ्या सुनेजवळ दिल्या होत्या. विचारलं तर बाईनं फडताळातून पुडीच काढून दाखवली. ‘‘उपाशीपोटी खाऊ नका म्हणे, मंग राहूनच गेल्या.’’