ब्लॉक मिळेना

पोराच्या मानेला डाव्या बाजूला गाठ होती. दुखत नव्हती, संध्याकाळी ताप यायचा. तीन महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. त्याबद्दल आता बोलत नाही, इथं बऱ्याच जणांचं तसंच होतं. पण सुईनं काढलेल्या नमुन्यावर थांबू नका, अख्खी गाठ काढून तपासायचा आग्रह धरा.

शेवटी बायोप्सी झाली. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘हॉजकिन लिम्फोमाची शंका, आयएचसी करा.’ हॉजकिन म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, आणि आयएचसी म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून ओळखायची तपासणी. ती तपासणी दुसऱ्या लॅबमध्ये होणार होती आणि तिच्यासाठी ब्लॉक हवा होता. म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, अंगठ्याएवढा. तो आणायला मला नऊ दिवस लागले.

पहिल्या दिवशी खिडकीवर सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. आणली, तर सही करणारे सुटीवर. मग शनिवार-रविवार. सोमवारी म्हणाले, ‘मॅडम, या नंबरचा ब्लॉकच नाही आमच्याकडे.’ पोराची गाठ हरवली? मी खिडकीतून हलले नाही, मागची रांग ओरडत होती. रजिस्टर दाखवा म्हटलं. दोन फेऱ्या अजून, तेव्हा दाखवलं. इंग्रजीतला शेंडीवाला एक कुणीतरी सात वाचला होता! बायोप्सीच्या दिवशीच पावतीवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा.

ब्लॉक हाती देताना तिथला मुलगा म्हणाला, ‘ताई, डिक्कीत नका ठेवू, मेण आहे.’ मे महिना, नागपूरचं ऊन. डब्यात थंड पाण्याच्या बाटलीशेजारी ओढणीत गुंडाळून नेला.

सीडी ३० आणि सीडी १५ या दोन्ही खुणा पॉझिटिव्ह आल्या. हॉजकिनच. डॉक्टर म्हणाले, श्रीमंत देशांत यातली शंभरातली नव्वदहून जास्त मुलं पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. आपल्याकडे उशीर आणि अर्धवट सोडलेले उपचार नडतात. ‘उशीर’ ऐकलं की मला ती खिडकीच दिसते.

केमो निभावली. दोन सायकलनंतरच्या पेट स्कॅनमध्ये डोविल स्कोअर, म्हणजे आजार किती उरलाय त्याचा आकडा, २ आला. पाचपैकी जितका कमी तितका चांगला. स्कॅनच्या आधी सहा तास उपाशी ठेवायचं असतं, म्हणून सकाळचीच वेळ मागा. आम्ही दुपारची घेतली आणि पोरानं वेटिंगमध्ये दुसऱ्याच्या तर्री-पोह्यांच्या डब्याकडे बघत रडून घेतलं.

औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे इको चालूच राहणार. परवा त्याच खिडकीवर ब्लॉक परत द्यायला गेले. म्हणे, चिठ्ठी आणा.