अळणी उपवास आणि लिथियमची गोळी

नागपुरातील एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मी समाजसेविका म्हणून काम करते. रुग्णाचे घर, नोकरी, औषधांचा खर्च आणि गोळ्या वेळेवर घेतल्या जातात की नाही, हे पाहण्याचे काम माझ्याकडे असते. ज्या बाईंविषयी लिहीत आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता आणि एप्रिलचे ऊन सकाळीच चटके देऊ लागले होते. आमच्याकडे बरीच वर्षे उपचार घेत असलेल्या, बायपोलर विकार (मन कधी अति उत्साहाकडे, कधी खोल नैराश्याकडे झुकण्याचा आजार) लिथियम या मन स्थिर ठेवणाऱ्या औषधावर उत्तम ताब्यात राहिलेल्या आणि एकही तपासणी न चुकवणाऱ्या एक शिक्षिका त्यांच्या चर्चमधील एका वयस्क बाईंच्या खांद्याचा आधार घेत आत आल्या. पाय फाकवून, दारू प्यायलेल्या माणसासारख्या त्या चालत होत्या. सहीसाठी पेन हातात दिले, तेव्हा बोटांचा कंप इतका होता की कागदावर नाव उमटण्याऐवजी नुसत्या रेघोट्या उमटल्या.

सोबतच्या बाई मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका होत्या. त्यांनी सांगितलेली हकीकत नेमकी होती. "मॅडम, काल प्रार्थनासभेत ह्यांच्या हातातून गीतपुस्तक दोनदा पडलं. जीभ जड होऊन राहिली, सकाळपासून उलट्या चालू आहेत. कोणी म्हणे आत्म्याचा स्पर्श झाला, कोणी म्हणे जुनं दुखणं उलटलं. मला काही पटलं नाही जी. मी सरळ रिक्षा केली."

लिथियमची मात्रा वाढल्याची शंका डॉक्टरांना लगेच आली. रक्तातील लिथियम साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल असावे लागते आणि १.५ च्या वर गेले की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. दुपारी अहवाल आला, तो २.१ चा होता. गोळ्या मोजून पाहिल्या, तर एकही जास्त घेतलेली नव्हती. वेदनाशामक गोळी नाही, रक्तदाबाचे नवे औषध नाही. मग मी जेवणाखाण्याविषयी विचारू लागले आणि उलगडा झाला.

लेंट म्हणजे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्या काळात कोणी मांसाहार सोडतात, कोणी एक वेळ जेवतात. या बाईंनी मीठ सोडले होते. त्यातही शेवटच्या आठवड्यात त्या सूर्यास्तापर्यंत पाणीही घेत नव्हत्या. कुठल्याशा घरगुती प्रार्थनेत कोणीतरी त्यांना ऐकवले होते की, खरा विश्वास असणाऱ्याला डोक्याच्या गोळ्या लागत नाहीत. ते मनाला लागल्याने त्यांनी नवस केला की, ईस्टरपर्यंत अळणी खाईन, प्रभूने मला या गोळीतून सोडवावे. मात्र आपण होऊन गोळी बंद करायची नाही, हे डॉक्टरांना दिलेले वचनही त्यांनी काटेकोरपणे पाळले. दोन्ही वचने प्रामाणिकपणे पाळल्यामुळेच त्या इतक्या आजारी पडल्या. मूत्रपिंड लिथियमला बऱ्याच अंशी सोडियमसारखेच वागवते, त्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी कमी पडले की ते सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने उरलेसुरले मीठही निघून जाते.

लिथियम तात्काळ थांबवले, ईसीजी काढला, मूत्रपिंडाच्या तपासण्या पाठवल्या. परिचारिकेने सलाईनची बाटली अडकवली आणि बाईंनी हात मागे घेतला.

"सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी ना?"

प्रश्न बरोबर होता, कारण त्या बाटलीत ०.९ टक्के मीठच असते. जडावलेल्या जिभेने त्यांनी मला बायबलमधील उपदेशकाच्या पुस्तकातील वचनाचा आशय सांगितला की, नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा. डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला, मीही सांगितला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या संमतीला मोठे स्थान दिले आहे. शिवाय शुद्धीवर असलेल्या, कारण सांगून नकार देणाऱ्या बाईंच्या हातात बळजबरीने सुई खुपसावी, असे आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हते. परंतु वेळही फारसा नव्हता. धार्मिक श्रद्धा म्हटली की आमच्या क्षेत्रातील काही मंडळींच्या कपाळावर आठी येते. मला ती आठी अनाठायी वाटते, कारण ज्या भाषेत नकार आला, त्याच भाषेत उत्तर देणारा माणूस अशा वेळी शोधावा लागतो. मी त्यांच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, फोन केला.

संध्याकाळच्या प्रभुभोजनाच्या उपासनेची तयारी सोडून ते शहरातील सदर भागातून स्कूटरने आले. मला वाटले होते, ते डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. त्यांनी आधी स्टूल ओढले, अहवालाचा कागद मागून घेतला आणि २.१ म्हणजे काय ते डॉक्टरांकडून समजून घेतले. मग ते बाईंना म्हणाले, "ताई, लेवीयाचा दुसरा अध्याय तुम्हीच संडे स्कूलमध्ये शिकवता. प्रत्येक अन्नार्पणात मीठ घालायची आज्ञा आहे ना तिथं? मग बिनमिठाचं अर्पण तुम्ही कुणाला करून राहिल्या?"

बाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. नंतर त्यांना चक्क हसू आले आणि त्यांनी हात पुढे केला. पाळकांनी प्रार्थना केली ती सलाईन सुरू झाल्यावर, आणि तीही अगदी थोडक्यात.

त्यांच्याजवळ पाळीपाळीने बसण्याची व्यवस्था चर्चमधील बायकांनी माझ्या सांगण्याची वाट न पाहता करून टाकली होती. बाईंना खरी भीती आजाराची नव्हती. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे आणि त्याच्या जवळच्या चौकाला लोक आजही सर्रास पागलखाना चौक म्हणतात. आपल्याला तिकडे पाठवतील आणि शाळेत ते कळेल, हे त्यांच्या मनात घोळत होते. निवृत्त परिचारिका त्यांना एवढेच म्हणत होत्या, "कुठं नाही पाठवत. शाळेत पोटाचं कारण कळवलं आहे." उलट्या होतच होत्या, तेव्हा ते खोटेही नव्हते.

रात्री पाळक पुन्हा आले, तेव्हा बाईंनी त्यांना विचारले की, गोळी घेणे म्हणजे विश्वास कमी असणे का. त्यांनी बायबलमधील एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढली. एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि उठवून पुन्हा खायला घातले. "गोळीही त्या भाकरीतच मोजा," असे ते म्हणाले. जिने हे बोलून बाईंचे मन पोखरले, तिच्याशी आपण बोलू, असेही त्यांनी सांगितले. हे काम माझ्याकडून कधीच झाले नसते.

पुढील काही दिवसांत पातळी उतरली, चाल सुधारली आणि डॉक्टरांनी कमी मात्रेने लिथियम पुन्हा सुरू केले. आता आमच्या केसपेपरवर लिथियम घेणाऱ्या प्रत्येकासाठी उपवासाची वेगळी नोंद असते. चतुर्थी, रोजे आणि लेंट असे सगळे तेथे लिहिले जाते.

त्यानंतरच्या लेंटआधी बाई स्वतःहून विचारायला आल्या की, या वेळी चहा सोडला तर चालेल का. डॉक्टरांनी तोही एकदम सोडू दिला नाही, कारण चहातील कॅफीन लिथियम बाहेर टाकायला मदत करते आणि ते अचानक बंद केले की पातळी चढू शकते. शेवटी पाळकांच्या संमतीने त्यांनी रात्रीच्या मालिका सोडल्या. मीठ सोडणे त्यापेक्षा सोपे होते, अशी त्यांची तक्रार आहे.