आपल्या कातडीला कुठे होतोय?

"डॉक्टर, हा कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांचा ना? आपल्या सावळ्या कातडीला कुठे होतोय!" आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतंच. म्हणून नीट सांगते. गोऱ्यांपेक्षा आपल्याला तो खूपच कमी होतो, हे खरं. कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातले अतिनील किरण बरेचसे अडवतं. पण आपल्याकडे तो बऱ्याचदा ऊन लागतच नाही अशा जागी होतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

कंबरच घ्या. साठी ओलांडलेल्या एक आजी "कमरेला खाज सुटते" म्हणून आल्या होत्या. परकराची नाडी सोडली तर गाठ बसते बरोबर तिथे कातडी काळवंडून चामड्यासारखी जाड झालेली. मध्ये रुपयाएवढी जखम, कडा उचललेल्या, वर हळद थापलेली. दीड वर्ष हे चाललं होतं. सकाळी त्याच जागी नाडी आवळायची, दिवसभर घामाने भिजायची, रात्री जरा खपली धरायची आणि सकाळी पुन्हा निघायची. वर्षानुवर्षं असं घासत राहिलं की जखम भरून काढणाऱ्या पेशींमध्येच बिघाड होऊ शकतो.

ही गोष्ट आजची नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ सालीच धोतर आवळून नेसल्यामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाबद्दल लिहून ठेवलं. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशाच कर्करोगाच्या दोन बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातली एक तर परकराशिवाय, लुगडंच कमरेला आवळून नेसायची. म्हणून माझं सगळ्या बायकांना सांगणं असतं: नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घ्या, गाठ रोज थोडी वर-खाली बांधा, घरात असाल तेव्हा सैल सोडा.

"तुकडा काढून तपासू या" म्हटल्यावर आजींचा मुलगा मागे सरला. "चाकू लागला की पसरतो म्हणतात." ही भीती मला सगळ्यात जास्त छळते, कारण तिच्यापायी माणसं महिने घालवतात. तुकडा काढल्याने हा कॅन्सर पसरत नाही. होतं असं, की माणूस फार उशिरा येतो, रोग आधीच पसरलेला असतो आणि आळ येतो तपासणीवर. आजींच्या तुकड्यात कॅन्सरच निघाला, पण जांघेत गाठ आलेली नव्हती, म्हणजे तो तिथवर पसरलेला नव्हता. शस्त्रक्रियेवर भागलं. महिनाभरात न भरणारी कुठलीही जखम दाखवायलाच हवी. स्टोव्हच्या भडक्यात भाजल्याचा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा व्रण पुन्हा चिघळायला लागला तर लगेच.

दुसरी जागा तळपाय. मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा घातक प्रकार सावळ्या माणसांत बहुतेक वेळा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली येतो. जमैकन गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ मध्ये सापडला आणि १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी, मार्ले वारला. आपल्याकडे असा डाग भोवरी समजून ब्लेडने तासला जातो किंवा त्यावर चुना लावला जातो. कृपा करून तसं करू नका. आंघोळीला बसलात आणि टाच घासायला दगड हातात घेतलात की पाय उलटा करून नीट बघा. स्वतःला दिसत नसेल तर सुनेला, नातवाला बघायला सांगा. बऱ्याच नखांवर बारीक काळ्या रेघा असतील तर त्या बहुधा निरुपद्रवी असतात. एकाच नखावर रेघ उमटली, ती रुंदावत चालली किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर थांबू नका.

मग ऊन काहीच करत नाही का? करतं. नाकावर, डोळ्याखाली मोत्यासारखी चकाकणारी पुटकुळी, मधूनच रक्त येणारी, हीसुद्धा दाखवा. कोडाचा कॅन्सर होत नाही. पांढरे डाग उन्हात लवकर भाजतात, तेवढं जपा. खरी काळजी आहे ती जन्मापासूनच रंगद्रव्य नसलेल्या, पांढऱ्या केसांच्या मुलांची. त्यांना उन्हाचा धोका गोऱ्यांहूनही जास्त. त्यांना एसपीएफ (म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा) ३० किंवा वरचं सनस्क्रीन, रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्या लहानपणापासूनच लागतात. गणवेशात अर्ध्याच बाह्या चालतात असं शाळा म्हणत असेल, तर मुलाला घेऊन माझ्याकडे या. मी चिठ्ठी लिहून देते.