तुम्ही विचारलंत म्हणून : आजारपणाचे भाव सरकारने बांधून द्यावेत का?

ठाण्याच्या नौपाड्यात माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर गप्पा होतात, गप्पांत मी एरवी बाजाराची बाजू घेतो हे बहुतेक गिऱ्हाइकांना माहीत आहे. त्यामुळे हॉस्पिटलचं बिल भरून आलेला माणूस पिशवीत गोळ्या टाकता टाकता हमखास विचारतो, "काका, सरकारने धंद्यात पडू नये म्हणता ना तुम्ही? मग दवाखान्याचे भावही बाजारावरच सोडायचे का?" आमच्या बिल्डिंगमधले सर याच्या पुढे जातात. ते निवृत्त शिक्षक, जुने समाजवादी. तलावपाळीवर फेरी मारताना सगळ्यांसमोर म्हणतात, "म्हणजे गरिबाने मरायचं, असंच ना?"

असं नाही. पण उत्तर एका वाक्यात बसत नाही, कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सगळे ते एकदम विचारतात.

ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं बिल सरकारने भरावं का? भरावं. यात बाजारवाल्यांचाही फारसा वाद नाही. सरांना पटत नाही, पण मुक्त बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवतात त्या फ्रीडरिश हायेक यांनी १९४४ सालीच लिहून ठेवलंय की आजारपण आणि अपघात यांची तरतूद एकट्यादुकट्याला नीट करता येत नाही, तिथे सरकारने सामाजिक विमा उभा करायला मदत करावी. दुसरा प्रश्न, सरकारने भाव ठरवून द्यावा का? इथे माझी मान आडवी हलते.

त्याचं कारण दुकानातच दिसतं. ठाण्यात १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे, त्यामुळे मनोविकारावरच्या लिथियमच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्या मागणारी माणसं आम्हा ठाण्याच्या दुकानदारांना नवीन नाहीत. गोळी अगदी स्वस्त. पण ती मधेच बंद करून चालत नाही, आणि नेमकी तीच अधूनमधून मिळेनाशी होते. एक गृहस्थ मुलासाठी यायचे. जुन्या पट्टीचा कापलेला तुकडा पाकिटात, नोटांच्या मागे ठेवलेला; तो काउंटरवर ठेवून नुसते माझ्याकडे बघायचे. मी स्टॉकिस्टला फोन लावायचो. तिकडून ठरलेलं उत्तर, "शेठ, कंपनीकडूनच शॉर्ट आहे." मग ते गृहस्थ कोपरीला, तिथून कळव्याला, तिथून थेट डोंबिवलीला. महाग औषधासाठी एवढी वणवण करताना मी कोणाला फारसं पाहिलं नाही. महाग औषध कोणीतरी आणून देतोच.

हे का होतं? आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने कमाल भाव असतो. बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या कंपन्यांचा दुकानदाराला पडणारा भाव घ्यायचा, त्याची सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के. मग दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे तो भाव हलतो. कागदावर हे ठीक दिसतं. पण कच्चा माल काही निर्देशांकाला विचारून महाग होत नाही. आधीच दोन-तीन रुपयांना विकल्या जाणाऱ्या गोळीत कंपनीचं सुटत नाही असं झालं की कंपनी ओरडत बसत नाही, दुसरं काहीतरी बनवायला घेते. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने लिथियम, सालब्युटामॉल, बेंझिल पेनिसिलीन, अॅट्रोपीन अशा आठ औषधांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवल्या. डिसेंबर २०१९ मध्ये अशाच २१ औषधप्रकारांच्या (गोळी, इंजेक्शन असं प्रत्येक रूप वेगळं धरून) वाढवल्या होत्या. परवडत नाही म्हणून उत्पादन थांबवायचे अर्ज कंपन्यांकडून येत होते, हे कारण प्राधिकरणानेच दिलंय. भाव बांधणाऱ्यानेच गाठ सैल केली, तेव्हा माल पुन्हा दिसायला लागला. मधल्या काळात पाकिटात पट्टीचा तुकडा घेऊन फिरणाऱ्यांचा हिशेब कोणत्याच परिपत्रकात नसतो.

"ठीक आहे," सर म्हणतात, "पण मग मोकळं सोडलेल्या औषधांत तुमचा बाजार काय दिवे लावतो?"

हा वार वर्मी बसतो, हे मान्य. आमच्या धंद्यात काय चालतं ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नियंत्रणाबाहेरची, अॅसिडिटीवरची एखादी जोडगोळी घ्या. जेनेरिकवाला ती पट्टी दुकानदाराला वीस-पंचवीस रुपयांत देतो आणि छापील किंमत शंभराच्या पुढे असते. दहा टक्के सूट दिली की गिऱ्हाईक खूश, आणि दुकानदार त्याहून खूश. हॉस्पिटलात तर याचा कळस होतो. २०१८ च्या फेब्रुवारीत याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. सलाईनच्या नळीला लावायची थ्री-वे नावाची छोटी प्लॅस्टिकची तोटी असते. ती ५ रुपये ७७ पैशांना घेतलेली, बिलात १०६ रुपये. नफा १,७३७ टक्के. आणि यात कायदा कुठेही मोडलेला नाही, कारण पाकिटावर १०६ छापलेलेच होते.

आता हे कसं घडतं ते बघा. तोटी विकणारा माणूस हॉस्पिटलच्या खरेदीवाल्याकडे जातो तेव्हा "माझी स्वस्त आहे" एवढंच सांगत नाही. "माझ्यावर छापील जास्त आहे" हे सांगतो. हॉस्पिटलला पडतो सहाचा भाव, पेशंटला लागतो शंभराचा, त्यामुळे जो जास्त छापेल त्याचा माल उचलला जातो. स्पर्धा जोरात आहे, पण उलट्या दिशेने, आणि वर कायद्याने छापाव्या लागणाऱ्या कमाल किमतीचा शिक्का. खाटेवर झोपलेल्या माणसाला ती तोटी समोरच्या दुकानातून आणायची मुभा नाही. निवडणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि टोचून घेणारा तिसरा, अशा व्यवहाराला मी तरी मोकळा बाजार म्हणणार नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीची ही सक्ती सुप्रीम कोर्टापुढेही गेली होती. मार्च २०२५ मध्ये कोर्टाने धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं. माझ्या मते इथे सरकारने जरूर पडावं. भाव ठरवायला नव्हे, दार उघडायला. बाहेरून औषध आणायचा हक्क दिला की १०६ ची तोटी फार दिवस टिकणार नाही.

विम्याचंही तेच. अॅडमिशनच्या खिडकीवर पहिला प्रश्न "काय होतंय?" हा नसतोच मुळी. "कॅश की कॅशलेस?" हा असतो. उत्तराप्रमाणे अंदाजपत्रक बदलतं. त्यातही खोलीची गंमत. पॉलिसीत खोलीभाडं दिवसाला ५,००० पर्यंत, आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर कंपनी नुसते वरचे ३,००० कापत नाही. बऱ्याच पॉलिसींत सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज, हेही त्याच प्रमाणात कापलं जातं. लोक विमा कंपनीला शिव्या घालतात. पण मूळ मेख हॉस्पिटलच्या दरपत्रकात असते. अपेंडिक्स तेच, टेबल तेच, सर्जन तोच, आणि ऑपरेशनचा भाव मात्र तुम्ही नंतर कुठल्या खोलीत कण्हणार आहात त्यावर! कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तरी गिऱ्हाइकाची खुर्ची बघून दाढीचे वेगळे पैसे मागून दाखवावेत.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी २००१ मध्ये अमेरिकेबद्दल हेच मांडलं. उपचाराचे पैसे तिसराच देतो, म्हणून खर्च फुगतो. तिथे हे सुरू झालं तेही सरकारमुळेच. दुसऱ्या महायुद्धात पगारांवर मर्यादा घातल्या, तेव्हा कामगार टिकवायला मालकांनी पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली, मग त्यावर करसवलत मिळाली, आणि पेशंटने भाव विचारायचंच सोडलं. आपण आता त्याच वाटेला लागलोय. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांतली मुलं ग्रुप पॉलिसीचं कार्ड पुढे करतात आणि बिलाकडे ढुंकूनही बघत नाहीत. का बघतील?

सरांकडे याचं एक चांगलं उत्तर आहे. अर्थतज्ज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये म्हटलं होतं की वैद्यकीय उपचार इतर मालासारखे नाहीत, कारण पेशंटला पुढे काय होणार हेही माहीत नसतं आणि डॉक्टरला जेवढं कळतं तेवढं त्याला कळत नाही. बरोबर आहे. घोडबंदर रोडवर रात्री छातीत कळ आलेला माणूस तीन हॉस्पिटलांचे भाव विचारत फिरणार नाही. त्या माणसासाठी आधीपासून विमा हवा आणि सरकारी रुग्णवाहिकाही हवी. पण माझ्या काउंटरवर येणारा बहुतेक खर्च तसा नसतो. बीपीच्या गोळ्या, शुगरच्या पट्ट्या, गुडघे, बाळंतपण, मोतीबिंदू, हे सगळं आठवडे-महिने आधी माहीत असतं. मोतीबिंदूचंच घ्या. फोन केला की साधी लेन्स इतके, परदेशी लेन्स तितके, असं पॅकेज सांगतात. लोक ठाण्यात विचारतात, मुलुंडला विचारतात आणि मग ठरवतात. डोळ्यांचे डॉक्टर काही जास्त दयाळू असतात असं नाही. तिथे भाव आधी कळतो एवढंच. राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ साली सुधारणा झाली, तेव्हापासून दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. लावलेलं असतं, बिलिंगच्या खिडकीशेजारी, कुंडीच्या पानांआड, बारीक अक्षरांत.

स्टेंटबद्दल, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीबद्दल, तुम्ही विचारणारच. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६० रुपयांची मर्यादा आली. त्याआधी लाख-सव्वा लाख मोजणाऱ्यांना तो मोठा दिलासा होता, नाही म्हणत नाही. पण लगेच सरकारला सहा महिने पुरवठा चालू ठेवा असा आदेश काढावा लागला, आणि पुढे एका मोठ्या परदेशी कंपनीने आपले नवे स्टेंट इथून काढून घ्यायची परवानगी मागितलीच. शिवाय बांधलेली होती बिलातली एक ओळ. बाकीच्या ओळी मोकळ्याच. कोविडमध्ये तेच झालं. मे २०२० मध्ये राज्याने वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० असे दिवसाचे दर ठरवले, आणि बिलांत पीपीई किटची ओळ वाढत गेली. मग महापालिकांना बिलं तपासायला ऑडिटर बसवावे लागले.

आणि खर्च कमी करायला निघालेलं सरकार स्वतः काय करतं? आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. वैयक्तिक पॉलिसीवरचा तो सुटला २२ सप्टेंबर २०२५ ला. दिवसाला ५,००० च्या वरच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के आहेच. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बलांसाठी १० टक्के सवलतीत, ही योजना ऐकायला उत्तम. पण त्याचा निधी येतो बाकीच्या पेशंटच्या बिलांच्या २ टक्क्यांतून. गरीब आजारी माणसाचा खर्च शेजारच्या खाटेवरच्या आजारी माणसाने उचलायचा. धडधाकट करदात्याने का नाही?

सिंगापूरचं उदाहरण आम्ही बाजारवाले नेहमी देतो. १९८४ पासून पगारातून सक्तीची वैद्यकीय बचत, पैसे ज्याच्या त्याच्या नावावर. १९९० मध्ये मोठ्या आजारांसाठी विमा आणि १९९३ मध्ये ज्याला कशातूनच जमत नाही त्याच्यासाठी निधी. आपले पैसे जातात म्हटल्यावर माणूस भाव विचारतो. तिथली बहुतेक मोठी रुग्णालयं सरकारी आहेत, हे मात्र आमच्यातले बरेच जण सांगायचं टाळतात. सर टाळू देत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल माझी तक्रारही नाही. कळव्याला महापालिकेचं ५०० खाटांचं रुग्णालय आहे, आणि त्यावर शहापूर-मुरबाडपासूनचा भार. टेंभी नाक्याजवळच्या जुन्या सिव्हिलच्या जागी मोठं सुपरस्पेशालिटी रुग्णालय बांधायला घेतलं, ते मला कुठल्याही भावबंदीपेक्षा जास्त पटतं. तिथे डॉक्टर पुरेसे असले, सोनोग्राफीला महिन्यानंतरची तारीख मिळाली नाही आणि दाराशी मोठ्या अक्षरांत दर लागले, तर पाचपाखाडीपासून माजिवड्यापर्यंतच्या खासगी हॉस्पिटलांना आपले भाव आपणहून उतरवावे लागतील. त्यासाठी परिपत्रक काढायला नको. समोर पर्याय असला की झालं. सर म्हणतात, "अहो, यालाच तर आम्ही समाजवाद म्हणतो!"

म्हणोत बापडे.