जमशेटजींचा पैसा

जे. जे. रुग्णालयातल्या नोकरीत एक प्रश्न मी सारखा ऐकला. जव्हारहून, मुरबाडहून, कुठून कुठून पेशंट यायचे. आजारी बाईला बाकड्यावर टेकवून सोबतचा माणूस आधी विचारायचा, "सिस्टर, पैसे किती लागतील?" आधी केसपेपर काढा, पैशाचं नंतर बघू, म्हटलं की त्याच्या जिवात जीव यायचा. म्हणून हे रुग्णालय ज्यांच्या नावाचं आहे त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांचे उपकार मी मानते. पण त्यांचा पैसा आला कुठून, हेही सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं.

जन्म 1783 चा. आईवडील लवकर गेले. मुंबईत मामांच्या हाताखाली रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात उमेदवारी केली, मग चीनच्या सफरी. 1805 मध्ये फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं. त्याच जहाजावरचे डॉक्टर विल्यम जार्डिन पुढे चीनमधल्या कँटन बंदरातले बडे व्यापारी झाले आणि दोघांचा व्यवहार जमला. मुंबईहून कापूस जायचा, आणि माळव्याची अफू. चीनमध्ये अफूला बंदी होती, तरी पेट्या उतरायच्या. 1839 मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने 20,000 हून जास्त पेट्या नष्ट केल्या आणि ब्रिटन-चीन युद्ध पेटलं. ते संपलं 1842 मध्ये. त्याच वर्षी जमशेटजी 'सर' झाले. हा किताब मिळालेले पहिले हिंदी.

गर्द, म्हणजे अफूपासूनच बनणारी नशा, सुटताना पोरं कशी तळमळतात, ते मी वॉर्डात पाहिलंय. अंगाला घाम आणि दातखीळ बसेल अशी थंडी, पायांत गोळे, आणि उशाशी रात्रभर बसलेली आई. त्यामुळे 'त्या काळी सगळेच करायचे' हे उत्तर मला पटत नाही. चीनमध्येही आया होत्याच.

त्याच पैशातून 1845 मध्ये आमचं रुग्णालय सुरू झालं. त्याच साली माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरून जाणारा रस्ता, खुला झाला, तो त्यांच्या पत्नी आवाबाईंमुळे. खाडीत होड्या उलटून माणसं बुडायची, सरकार पैसे काढेना. आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. अट एकच: जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. बाईंनी पुढचं केवढं पाहिलं! डोक्यावर टोपली घेऊन रोज ये-जा करणारीला दर खेपेला भुर्दंड पडला असता, तर पूल असून तिच्या काय कामाचा?

नर्सिंगच्या मुलींपुढे बोलायला कधी बोलावलं, तर मी हे सगळं सांगते. एकदा एका आयोजकांनी चीनचा भाग गाळायला सुचवलं. मी स्पष्ट नाही म्हटलं.